बाबांनी बांधलेली न्हाणी

माझं पहिलं बाळंतपण कुठं करायचं, यावरून शेलूबाजार आणि धनज या दोन गावांत दोन महिने निरोप जात-येत होते. शेलूबाजारला माझं सासर, धनजला माहेर. पण माहेरी माणूस म्हणावं तर एकटे बाबा. माय दोन वर्षांआधी तापानं गेली होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. बाबा कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कपाशीचा हंगाम लागला की ते कारंज्यालाच राहायला जात आणि होळीच्या सुमारास जिन बंद झाला की घरी येत. माय गेल्यापासून मधल्या दिवसांत आमच्या घराला कुलूप असे.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना काळजी होती, इतकंच.

"पहिलटकरीण हाय, माहेरी जावं हे मले पटते," त्या म्हणायच्या. "पण तिथं बाईमाणूस कोण? बाप काय शेक देईन?"

शेवटी बाबांचं कार्ड आलं. मी चार बुकं शिकलेली, म्हणून ते मला स्वतःला वाचता आलं. बाबांचं अक्षर मोठं आणि वाकडं, जणू पान्यानं एकेक अक्षर आवळलेलं. लिहिलं होतं, 'जिन पुढच्या आठवड्यात बंद होत आहे. मला मोकळीक आहे. घर नीट करून घेतो. शेजारी माझी वहिनी आहे, गावात सुईण आहे. मुलीला पाठवावे ही विनंती.'

'विनंती' हा शब्द बाबा कधी वापरत नसत. सासूबाईंना तो वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "जाय मंग. पण काही कमी पडलं त सांगून धाडजो."

माझा आठवा महिना सरत आला होता. नवऱ्यानं मोटारीनं कारंज्यापर्यंत सोडलं आणि तिथून बाबा बैलगाडी घेऊन आले. गाडीत कडब्यावर दोन गोधड्या अंथरल्या होत्या. वाटेत पळस फुलला होता आणि शेतं रिकामी झाली होती. बाबा सारखे गाडीवानाला म्हणत होते, "हळू घे, गोटे पाहून घे." मला काही विचारायचं त्यांना सुचत नव्हतं. माय असताना आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत होई. ती नसताना आम्ही दोघं असे पहिल्यांदाच इतका वेळ शेजारी बसलो होतो.

घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं. पुढं ओसरी, मागं उघडी जागा आणि तिच्या पलीकडून शेताकडं जाणारी पाऊलवाट. बाबांनी आतली खोली झाडली होती, माळ्यावरची जाळी काढली होती. पण माणसानं झाडलेलं आणि बाईनं झाडलेलं यात फरक असतो. कोपऱ्यात उंदरानं उकरलेली माती तशीच होती. चुलीची एक बाजू फुटली होती. त्या फुटक्या बाजूला बाबांनी पत्र्याचा तुकडा ठोकून बसवला होता. मला हसू आलं.

"काहून हासून राह्यली?"

"बाबा, चुलीले पत्रा कोणी लावते काय?"

"टिकीन ना," ते म्हणाले.

दरवर्षी सुट्टीत बाबा गावभरची कुलपं, कंदील, शिवणाची मशीन दुरुस्त करून देत. मागच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली बाजेवर बसून ते काम करत आणि लोक भोवती बसून गप्पा मारत. आपल्या घराची कडी मात्र वर्षानुवर्षं ढिलीच होती. मायनं कधी कुरकूर केल्याचं मला आठवत नाही. केली असेल तर बाबांच्या कानावर गेली नसेल.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. अजून उजाडायचं होतं. मी चुलीवरचं पाणी बादलीत काढून मागं निघाले, तर ओसरीवर बाबा उठून बसलेले.

"इतक्या पाह्यटी कुठं चालली?"

"आंग धुवाले."

"उजाडू दे ना. अंधारात ठेच लागीन."

"उजाडल्यावर कसं धुवू, बाबा? मागून वाट हाय. सारे लोकं वावरात जातात."

 मी बाज उभी केली, तिच्यावर लुगडं टाकलं आणि त्या आडोशाला आंग धुतलं. आमच्याकडच्या बहुतेक घरांत असंच होतं. मला त्यात काही निराळं वाटत नव्हतं.

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "तुही माय बी अशीच जाये काय?"

"रोज."

"थंडीत बी?"

"थंडीत बी. बिमार होती तवा बी. तुमी घरी असले तरी झोपले राहात."

त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ठेवला. एकवीस वर्षं संसार केलेला माणूस. जिनातल्या प्रत्येक पट्ट्याचा आवाज ओळखणारा. त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ नव्हतं हेही कळलं नाही; मलाच नंतर जेवताना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या अंगणात दोरी, खुंट्या आणि ओळंबा घेऊन उभे होते. जमिनीवर त्यांनी चौकोन आखला होता.

"इथं न्हाणी बांधतो," ते म्हणाले. "बाळंतपणाआधी झाली पायजे."

मला काम करू द्यायचं नाही, असं मोठीमायनं बजावलं होतं. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहणारी. मोठेबाबा वारल्यापासून शेती तिच्या हाताखाली चाले. आवाज मोठा, हात त्याहून मोठा. तेव्हा मी लिंबाखाली पाटावर बसून बाबांचं काम बघायची आणि वाती वळायची.

बाबांना लोखंड कळत होतं, माती कळत नव्हती. लोखंडाचं माप घेतलं की ते तेवढंच राहतं. त्यांनी माती कालवली ती पाणी भरपूर घालून, म्हणजे 'चांगली बसीन'. भिंत घेतली ती एका दिवसात छातीपर्यंत. ओळंब्यानं तपासली. एक सूतही वाकडी नव्हती. बाबा लांब उभे राहून एक डोळा मिटून तिच्याकडं पाहत होते. मला म्हणाले, "पाय कशी सरय झाली!"

तिसऱ्या प्रहरी ते नाल्यावरून बसायचा सपाट गोटा आणायला गाडी घेऊन गेले आणि तेवढ्यात ती सरळ भिंत मधून फुगली. आधी एक चीर पडली. मग ओल्या पोत्यासारखी ती खाली बसली आणि सगळा गारा अंगणभर पसरला. मला उठवत नव्हतं. मी नुसती बघत राहिले.

बाबा गोटा घेऊन आले. दोन माणसांनी मिळून तो उतरवला. माणसं गेली. बाबा त्या गोट्यावरच बसले. हाताला चिखल, टोपीला चिखल.

"तुले लागलं नाई ना?" इतकंच विचारलं.

"नाई बाबा."

कुंपणावरून मोठीमाय डोकावली. तिनं गारा पाहिला, बाबांकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली की तिला कुंपणाचा खुंट धरावा लागला. मग ती हसता हसता थांबली, कारण बाबा वर बघत नव्हते. कुंपणाला वळसा घालून ती आत आली. लुगडं खोचलं आणि गाऱ्यात हात घातला.

"भाऊजी, मातीले इंजिन नोका समजू," ती म्हणाली. "यात कुटार कुठं हाय? शेण कुठं हाय? एक हात उंच भिंत घ्याची, दोन रोज उन्हात वाऊ द्याची, मंग वरचा थर. आन कायले येवढी घाई?"

"घाई हाय वहिनी," बाबा म्हणाले. "तिले उघड्यावर आंग धुवावं लागते."

मोठीमायनं हातातला गारा खाली टाकला. तीही त्याच गावात, तशाच उघड्यावर चाळीस वर्षं आंग धुत आली होती. मग म्हणाली, "माह्या कोठ्यातून कुटार घेऊन जा. जुनं असन तेच घ्या."

त्या दिवसापासून मातीत कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पडू लागला आणि काम दोघांचं झालं. तीन बाजूंना मातीची भिंत खांद्यापर्यंत, तिच्या वर तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा, कुड बांधून दोन्हीकडून लिपलेला. चौथ्या बाजूला जिनातून मागून आणलेल्या जुन्या पत्र्याचं दार. दाराला आतून कडी. ती कडी बाबांनी दहा वेळा लावून काढून पाहिली. खाली फरशीसारखे गोटे बसवले आणि मोठा गोटा मधोमध. उतार काढताना मात्र बाबा खरे फिटर झाले. तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते कुठं थांबतं ते गुडघ्यावर बसून बघायचं. पुन्हा गोटा उचलायचा, पुन्हा बसवायचा.

"पानी तुंबलं नाई पायजे," ते स्वतःशीच म्हणत.

हे पाणी जाणार कुठं, हा प्रश्न निघाला तेव्हा मीच म्हटलं, "मायनं त्या कोपऱ्यात वाल लावला होता. तिथं सोडा ना."

त्यावरून बागेचं सुरू झालं. बाबांनी तिथं तीन वाफे केले. कारंज्याच्या बाजारातून त्यांनी मेथी, शेपू, पालक, भेंडी आणि दोडक्याचं बी आणलं होतं. शेपू आणि मेथी बाळंतिणीला चांगली, हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं. कुणाला विचारलं ते सांगेनात. पुढं सुईणीनंच सांगितलं की एक दिवस ते तिच्या दारात जाऊन, टोपी हातात घेऊन, बाळंतिणीला काय काय लागतं याची यादी लिहून घेऊन आले होते. "माह्या जल्मात अशी यादी लिवून न्हेनारा मानूस पायला नाई," ती म्हणाली.

बी पेरलं आणि बाबा रोज सकाळी वाफ्याजवळ उकिडवे बसू लागले. चार दिवस गेले, आठ गेले. काही उगवेना. एका दुपारी मी पाहिलं तर ते काडीनं माती उकरून बी वर काढून बघत होते.

"बाबा! असं उकरून नाई पाहत!"

"मंग कसं कळन?"

मेथीचं बी त्यांनी बोटभर खोल पेरलं होतं. जे थोडं वर होतं ते मोठीमायच्या कोंबड्यांनी वेचलं. मग मी पाटावर बसल्या बसल्या सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. माय कशी माती बोटांनी भुसभुशीत करायची, बी नुसतं शिंपडून वरून हलकी माती चाळायची, पाणी हातानं शिंपायची, वरून कपाशीच्या सुक्या पऱ्हाट्या टाकून ठेवायची. मी सांगत गेले आणि मलाच नवल वाटलं. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. मायच्या मागं मागं फिरताना डोळ्यांनी घेतलं होतं.

"आखीन काय करे ती?" बाबा विचारत.

मी सांगत असे. सारवायच्या आधी शेणात थोडी पांढरी माती घालायची, म्हणजे भेगा पडत नाहीत. चुलीचं तोंड दर पंधरा दिवसांनी लिपायची. पावसाळ्याआधी लाकडं ओसरीत रचायची, ती एकटीच. आतल्या खोलीला पोतारा द्यायची. हे ऐकून बाबा तेच करत. पत्रा काढून त्यांनी चूल मातीनं लिपली. आतल्या खोलीला पांढऱ्या मातीचा पोतारा दिला, खाली गेरूचा पट्टा ओढला. त्यांचा पट्टा दोरीनं आखलेला, मायच्या हाताचा थोडा लहरी असे. एकदा सारवता सारवता ते थांबले. हात शेणात, कपाळाला घाम.

"मले मालूमच नोतं," ते म्हणाले, "इतकं काम राह्यते घरात."

 ते मला सांगत नव्हते, हे मला कळत होतं.

दुसऱ्या खेपेला मेथी पाचव्या दिवशी वर आली. बाबांनी मला हाताला धरून वाफ्यापर्यंत नेलं. त्या दिवसांत ऊन चढू लागलं होतं आणि लिंबाचा मोहर अंगणभर पडत होता. हिरवी टिंबं दिसतील न दिसतील अशी होती. "हे पाय, हे पाय," करत बाबांनी मला एकेक दाखवलं.

न्हाणीचा कुड अजून ओला होता तेव्हाच माझ्या पोटात दुखू लागलं. सुईणीच्या हिशोबानं दहा दिवस बाकी होते. सकाळची न्याहारी झाली होती. मोठीमाय कुंपणापलीकडून धावत आली, सुईण आली आणि बाबांना त्यांनी बाहेर काढलं. मला बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. बाबा मागच्या अंगणात काम करत होते. थापीनं कुड लिपल्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. मी ओरडले की तो आवाज थांबायचा. मला त्या आवाजाचा आधार वाटत होता. तो पुन्हा सुरू झाला की मला वाटायचं, अजून सगळं ठीक आहे.

दुपार कलायच्या आधी मुलगी झाली. सुईणीनं तिला पुसून गुंडाळलं आणि मोठीमायनं दाराशी जाऊन सांगितलं, "नात झाली भाऊजी. दोघीबी चांगल्या हायेत."

बाहेर थापी गोट्यावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग बाबांचा आवाज आला, "वहिनी, पानी तापवू काय?"

पाचव्या दिवशी माझी पहिली मोठी आंघोळ होती. सुईणीनं तेल लावून अंग रगडलं, लिंबाचा पाला घालून पाणी उकळलं आणि मला धरून न्हाणीत नेलं. कुड आता वाळला होता. दार लागलं, आतून कडी पडली. भिंतींमध्ये वाफ साठली. वरून निळं आभाळ तेवढं दिसत होतं. जन्मात पहिल्यांदा मी दिवसाउजेडी, कुणाची चाहूल न घेता, गोट्यावर निवांत बसून आंघोळ केली. सुईण पाणी ओतत होती आणि मला रडू येत होतं. ती म्हणाली, "होते असं पोरी, बाळंतिनीले होते."  मला माय आठवत होती.

बाबा रीत पाळून पुढं ओसरीवर, घराकडं पाठ करून बसले होते. तिथून त्यांनी ओरडून विचारलं, "पानी तुंबते काय?"

"नाई तुंबत!" सुईण ओरडली. "वाहून राह्यलं चांगलं! बसा आता चूप!"

पण ते बसले नाहीत. घराला लांबून वळसा घालून वाफ्याकडं गेले. ते मला मोठीमायनं नंतर सांगितलं. हळदीचं, तेलाचं पाणी नालीतून येऊन मेथीच्या वाफ्याच्या काठाला लागेपर्यंत ते वाकून बघत होते आणि पोचल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. "पान्याले हात जोडून राह्यला तुहा बाप," मोठीमाय म्हणाली. या खेपेला ती हसली नाही.

मेथी आणि शेपू मला पुरून उरली. भाजी बाबाच खुडत. तेलाचं पाणी झाडांना चालत नाही असं मोठीमायचं म्हणणं पडलं, तेव्हा त्यांनी नाली वळवून दोडक्याकडं नेली आणि वाफ्याला विहिरीचं पाणी घालू लागले. सकाळी मुलीला मांडीवर घेऊन ते लिंबाखाली बसत. तिच्याशी ते पुष्कळ बोलत. माझ्याशी आयुष्यभरात बोलले नसतील इतकं. जिनाचं इंजिन कसं सुरू होतं, पट्टा कसा सरकतो, हे सगळं तिला समजावून सांगत.

एके दिवशी दुपारी मोठीमाय बादली आणि कोरडं लुगडं घेऊन दाराशी उभी राहिली. इतकी दांडगी बाई, पण मान खाली.

"मी बी धुवून घेऊ काय वं आंग?" तिनं मला विचारलं. "उलीसं, दोन तांबे."

"मोठीमाय, अर्धी तुनंच बांधली. विचारते कायले?"

ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. ती इतका वेळ बाहेर आली नाही की मला काळजी वाटून मी हाक मारली. "हावो, हावो," आतून आवाज आला. "बसली हाव. बरं वाटून राह्यलं." त्यानंतर आजूबाजूच्या दोन-तीन जणीही येऊ लागल्या. बाबांनी दुपारी मागच्या अंगणात जायचं सोडून दिलं आणि दुरुस्तीचं सामान पुढच्या ओसरीत हलवलं.

सव्वा महिना झाला, मुलीनं अंग धरलं. वैशाखाचं ऊन कडक होतं, तरी सासरचा निरोप आला आणि निघायचा दिवस ठरला. बाबांनी गाडीवर तट्ट्या बांधून सावली केली. पुन्हा गोधड्या, पुन्हा कडबा. मोठीमायनं मुलीला काजळाची तीट लावली आणि डोळे पुसत घरात निघून गेली. गाडी जुंपली होती. बाबा चाकाजवळ उभे होते. मला वाटलं, आता काही तरी निरोपाचं बोलतील.

ते म्हणाले, "आखीन कायचा तरास होता तुह्या मायले? सांगून ठेव. पुढच्या सुट्टीत करतो."

मी विचार करू लागले. मुलगी मांडीवर झोपली होती. गाडीवान खोळंबला होता, पण बाबा त्याच्याकडं बघत नव्हते.

"विहीर," मी म्हटलं. "दोर हातानं वढावा लागे. तिचे तळवे सारे सोलले राहात. थंडीत रगत निंघे."

बाबांनी स्वतःच्या तळव्यांकडं पाहिलं. मग मान हलवली.

पुढच्या वर्षी जिन बंद झाल्यावर त्यांनी मालकाकडून पट्ट्याचं एक जुनं चाक मागून आणलं. घासून, तेल देऊन, खोबण करून त्यांनी ते बाभळीच्या दोन खांबांवर विहिरीवर बसवलं. मी तेव्हा शेलूबाजारला होते. मला कार्डानं कळलं. त्याच वाकड्या अक्षरात लिहिलं होतं की चाक चांगले फिरते, बाया सुखाने पाणी काढतात, आवाज येत होता तो तेल देऊन बंद केला आहे.